बाजारातला माणूस

टण्ण.

जेवणाऱ्या चौघांचे हात थांबले. तुळजाबाईंच्या ताटात, दुधात कुस्करलेल्या भाकरीच्या कडेला, काहीतरी पडलं होतं. पिठात खडा आला असेल, असं त्यांच्या सुनेला, सगुणाला वाटलं. तिनं तो उचलून पदराला पुसला. खडा नव्हता. ज्वारीच्या दाण्याएवढा, पिवळट, खडबडीत तुकडा होता.

"दात पडला का, आत्याबाई?"

तुळजाबाईंनी जबड्यावर पदर धरला. "त्या बाजूला दात हाय कुठं आता?"

खरंच नव्हता. डाव्या बाजूची हलणारी दाढ दिवाळीच्या आधीच काढली होती. ती जागा काही भरून आली नव्हती. तिथून घाण वास यायचा, आणि बोट लावलं तर हिरडीऐवजी कडक काहीतरी लागायचं.

रामकिसननं ताट सारलं. आईकडं न बघता म्हणाला, "परत आलं ते."

'ते' म्हणजे काय, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी, चौऱ्याण्णव साली, मिश्री लावून लावून तुळजाबाईंच्या गालात कॅन्सरची गाठ झाली होती. औरंगाबादला दीड महिना किरणांचे शेक घेतले, तेव्हा कुठं बऱ्या झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपल्या इरकली लुगड्याची घडी सगुणाच्या हातात दिली.

"माझ्यामागं हे तू नेस. आन् मला कुठं नेऊ नका आता."

"नेसते की. पण आधी जालन्याला चला. मरायचं आसंल तर डॉक्टरला इचारून मरा."

"तुझ्या जिभेला काही हाड हाय का न्हाई गं?"

"जिभेला न्हाई. हे कशाचं हाय, ते इचारून येऊ." काजळाच्या रिकाम्या डबीत तिनं तो तुकडा ठेवलाच होता.

रामकिसन दारात आडवा आला. "कामून हाल करून राह्यली तिचे?"

"हाल हितं बी चालूच हायेत," सगुणा म्हणाली. सहा वर्षांच्या लेकीला, रेणुकाला, तिनं कडेवर घेतलं, सासूचा हात धरला, आणि घनसावंगीहून सुटणारी जीप गाठली. जीप खचाखच भरलेली होती. प्रत्येक खड्ड्याला तुळजाबाईंचा जबडा लोखंडी दांड्यावर आदळायला बघायचा. सगुणानं मधे आपला तळहात घातला आणि जालन्यापर्यंत काढला नाही.

नवीन जालन्यातल्या दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. जखमेतला एक बारीक तुकडा तपासायला घेतला. आठ दिवसांनी या, म्हणाले.

ते आठ दिवस सगुणानं मिठाच्या कोमट पाण्यावर काढले. दिवसातून चार गुळण्या. पाचव्या दिवशी तुळजाबाईंनी तोंडच फिरवलं. "कशाला त्या मेल्या गुळण्या? जायचं ते जाणारच." सगुणा तांब्या घेऊन समोर बसून राहिली. पाणी निवलं. तिनं उठून पुन्हा गरम केलं आणि पुन्हा येऊन बसली. तिसऱ्यांदा चुलीकडं निघाली, तेव्हा तुळजाबाईंनी हात पुढं केला. "आण इकडं. सरपण जाळून टाकशील समदं."

नवव्या दिवशी डॉक्टरांनी तपासणीचा कागद वाचला आणि एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला.

"कॅन्सर नाही, आजी."

सगुणानं काजळाची डबी उघडून पुढं केली. "मंग हे काय हाय?"

"हाड मेलंय. शेकानं गाठ जळते, पण तिथल्या बारीक रक्तवाहिन्याही सुकतात. वरून हाड धडधाकट दिसतं. पण जखम भरून काढायची ताकद त्यात उरत नाही. जखम झाली की आतून मरत जातं." त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. "मेलेला भाग औरंगाबादला काढून घ्यायचा. मग औषधं, गुळण्या. महिने लागतील. पण धीर धरलात तर भरून येईल."

तुळजाबाईंनी जबडा चाचपला. "म्हंजे हाडच मेलं. मी न्हाई." आणि कित्येक महिन्यांनी, तोंडावर हात ठेवून, त्या हसल्या.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. "पण शेक घेतलेल्या जबड्यातला दात आम्हाला विचारल्याशिवाय काढायचा नसतो. हे सगळं त्या दाढेपासून सुरू झालं. दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं असतं तसं. वाचलं नाही कुणी?"

"कागद तर मी गंगेत सोडले," तुळजाबाई म्हणाल्या. गोदावरीला त्या गंगाच म्हणायच्या. "बरी झाले तवाच. रोगाची वस्तू घरात ठिवली की रोग माघारी येतो."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आणि दाढ? ती कुणी काढली?"

सगुणानं तोंड उघडलं. पण त्याआधी तुळजाबाईंचा हात तिच्या गुडघ्यावर पडला आणि दाबून राहिला.

"बाजारात बसायचा एक माणूस. त्यानं काढली."

"पुन्हा दिसला तर सांगा त्याला, काय करून ठेवलंय ते."

"कशाला?" तुळजाबाई म्हणाल्या. "चांगल्या मनानं काढली बिचाऱ्यानं. ठणक्यानं झोप न्हवती मला."

बाहेर आल्यावर त्या झपझप पुढं निघाल्या, आल्या तेव्हापेक्षा ताठ. "चल गं, जीप जाईल!" सगुणा पायरीवरच उभी होती. औरंगाबादची चिठ्ठी तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

रेणुकानं तिचा पदर ओढला.

"आई, दाढ तर तू काढली व्हतीस. दोरा बांधून. मंग आज्जी खोटं कामून बोलली?"