चौकातला फ्लेक्स

फुटबॉलच्या फायनलभर समोरच्या गॅलरीतली पोरं आमच्या तालमीकडून खेळणाऱ्या नायजेरियन ओबिन्नाला बघून माकडासारखे आवाज काढत होती. एक केळंही त्याच्या पायाशी पडलं. त्यानं ते हसत उचलून रेषेबाहेर ठेवलं आणि शेवटच्या मिनिटाला हेडरनं गोल मारला. कोल्हापूरभर आमच्या तालमीचा गुलाल उधळला.

दुसऱ्या दिवशी चौकात आमच्या टीमचा भलामोठा फ्लेक्स लागला. ओबिन्नानं हरखून नायजेरियात आईला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल फ्लेक्सकडं धरला. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं काहीतरी विचारलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"काय म्हणाली रं?" मी विचारलं.

"म्हणती, बाकी सगळे दिसले, तू कुठंयस?"

तेवढ्यात तालमीचे अध्यक्ष आण्णा आले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघितलंस का मर्दा? फ्लेक्सवाल्याला मुद्दाम सांगून तुला चांगला उजळ करून घेतलाय. आता कसा आमच्यातला वाटतोस!"

ओबिन्नानं मोबाइल वळवून स्वतःच्या तोंडासमोर धरला. पलीकडं आई लगेच हसली. काल केळं उचलताना हसलेल्या ओबिन्नाला आज आमच्याच चौकात रडू आवरेना.