नऊ कोऱ्या ओळी

"नऊ शून्यं टाक आणि मोकळी हो," काका म्हणाले. "नदी ठणठणीत कोरडी आहे, हे शेंबडं पोरही सांगेल."

पाणीपातळीच्या नोंदवहीत नऊ ओळी कोऱ्या होत्या. बाबा दवाखान्यात होते ते सहा दिवस आणि ते गेल्यानंतरचे तीन. एकतीस वर्षं ते रोज सकाळी पात्रात उतरून तिथल्या खांबावरची मोजपट्टी पाहत आणि आकडा लिहीत. बहुतेक वेळा शून्य. दहाव्या दिवसापासून त्यांची मुलगी उतरू लागली होती.

"शून्य म्हणजे जाऊन पाहिलं, असं बाबा म्हणायचे."

"दादा पुष्कळ म्हणायचा. आज पाटबंधारे खात्याच्या त्या मॅडम हे मोजणी केंद्र बंद करायला येतायत. नोंद तुटलेली दिसली की त्यांच्या हाती आयतं कोलीत. मग दादाचं सगळं आयुष्य माळ्यावर."

तिने पेनाचं टोपण काढलं. बाबांच्या शेवटच्या शून्याकडे जरा वेळ पाहिलं. टोपण पुन्हा लावलं.

मॅडम आल्या. चहा नको म्हणाल्या आणि वही घेऊन पहिल्या पानापासून चाळत बसल्या. शेवटच्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"हे नऊ दिवस?"

काकांनी कपाळाला हात लावला.

"बाबा आजारी होते. मग गेले," ती म्हणाली. "त्या दिवसांत पट्टी कुणी पाहिली नाही."

मॅडमनी लॅपटॉप उघडून तिच्याकडे वळवला. पडद्यावर दोन नागमोडी रेघा होत्या.

"ही वरची दूरच्या महासागराच्या तापमानाची. खालची तुमच्या बाबांची. तिकडचं पाणी तापलं की इकडे वर्ष-दोन वर्षं शून्यं. ते निवलं की काही महिन्यांत इथे नदी येते. दर वेळी नाही, पण बहुतेकदा."

"म्हणजे तिकडे समुद्राला ताप आला, की इकडे आमच्या नदीच्या घशाला कोरड?" काका म्हणाले.

"तसंच समजा, काका." मॅडम हसल्या. मग वहीवर हात ठेवून म्हणाल्या, "ऑफिसात म्हणतात, इतकी शून्यं घरी बसूनच लिहिलेली असणार. बंद करायचा कागद मी तयारच आणला होता. पण घरी बसून लिहिणाऱ्यांच्या घरात या नऊ ओळी कोऱ्या राहिल्या नसत्या."

त्यांनी कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली.

तिने वही जवळ ओढली. "सध्या कसा आहे समुद्र?"

"दोन महिने निवतोय. शब्द कुणीच देणार नाही. पण मी तुमच्या जागी असते, तर पट्टी ठाकठीक करून ठेवली असती."

ऊन उतरल्यावर ती रंगाचा डबा घेऊन पात्रात गेली. खालचे आकडे बाबांनी दर वर्षी रंगवलेले. वरचे उन्हाने पुसून गेले होते. काका कुरकुरत शिडी धरून उभे राहिले.

"अगं, गुडघाभर आली तरी नशीब आपलं. चार मीटरचा आकडा कुणाला दिसायचाय?"

तिने चार पुरा केला. ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.

"घट्ट धरा, काका," ती म्हणाली, आणि पाचसाठी एक पायरी वर चढली.