खोटी खिडकी

खामगावच्या त्या इंग्रजी कोठीच्या वरच्या मजल्याला पाच खिडक्या होत्या, पण शेवटची खोटी होती. कापसाच्या गोऱ्या व्यापाऱ्याला दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्या होत्या, म्हणून चौकट बसवून मागं नुसती भिंत बांधलेली.

कुंद दुपारी इंजिनीअर धम्मशीला शिडीवरून तीच भिंत मोजत होती. तिनं बाहेरून ठोकायचं आणि मदतनीस देवानंदनं आतून ठोकून तीच जागा दाखवायची, ही त्यांची नेहमीची रीत. तो बंद कोठीची चावी चौकीदाराकडून आणायला गेला होता. एव्हाना मागच्या दारानं वर पोचला असेल, असं धरून तिनं ठोकलं.

आतून ठोका आला.

"जरा खाली घे, देवानंद."

ठोका खाली सरकला, थेट तिच्या तळव्यामागं. तिनं खडूनं खूण केली.

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. देवानंद खालून ओरडला, "मॅडम, चौकीदार गावाले गेला! चावी काही भेटली नाही. उतरा आता, उद्या पाहू."

धम्मशीलाचा हात भिंतीवरच राहिला. आत पुन्हा ठोका पडला. मग आणखी एक, थोडा बाजूला. आता ते तिनं न सांगताच सरकत होते, शेजारच्या खऱ्या खिडकीकडं.