साहेब घडीघडी येतात

नवे केंद्रप्रमुख आमच्या तांड्यावरच्या शाळेत घडीघडी यायला लागले. ना हजेरीपट बघायचे, ना तांदळाचा साठा. पोरांच्या मागं भिंतीला टेकून बसायचे आणि नुसते माझ्या हाताकडं बघत राहायचे.

“गुरुजी, कुणी अर्ज टाकला काय तुमच्यावर?” तांड्याच्या प्रेमसिंगनं विचारलं. मला वाटलं, यानंच टाकला असणार.

शेवटी आज फळ्यावरचा भागाकार अर्धा सोडून मी वळलो. “साहेब, माझं काही चुकून राहिलं का?”

“न्हाई हो गुरुजी.” ते कसनुसं हसले. “चांगलं शिकवतो म्हणून मला साहेब केलं, अन् हातातला खडूच गेला.” ते उठून फळ्यापाशी आले. “राहिलेला भागाकार मी घेऊ का?”