मॉरिसचा विमा

"अहो, ही मॉरिस गाडी तुमच्या बाबांची आहे, हे कृष्णामाईला सांगून ठेवलंय का?" लेकीला भरवता भरवता मी गॅरेजच्या दारातून ओरडले. मागच्या पुरात पाणी चाकांना लागलं, तरी ह्यांचं आपलं एकच, "खंडेनवमीला हार घालतो की आपण तिला. विमा कशाला?"

शेवटी विमावाल्याला मीच बोलावलं. तो म्हणाला, "वहिनी, गाडी झकास आहे, पण पुढची सीट गेलीय. नवी टाका, मग पूर्ण किमतीचा विमा मिळेल."

"ऐकलंत? उद्याच बदला!"

हे सीटच्या पाठीवर बोट फिरवत राहिले. तिथे चामड्यात इवल्या दातांच्या खुणा होत्या. "मागे उभा राहून चावायचो. बाबा चालवायचे तेव्हा."

तेवढ्यात लेक माझ्या हातातून सुटली, मागच्या सीटवर चढली आणि तिने नेमक्या त्याच जागी दात रोवले.

"आहे तशीच धरून विमा करा, भाऊ," मी म्हटलं. मग ह्यांच्यावर खेकसले, "आणि तुम्ही त्या सीटचे बोल्ट सैल करून ठेवा. पाणी चढलं, तर आधी ती माडीवर न्यायची."