चौथा कप

मी दूध काढायच्या मशीनचा मेकॅनिक. निमगाव सावाच्या मच्छिंद्रभाऊंची एकच तक्रार होती. बाकीच्या गायींना मशीन झकास चालतं, पण नुकत्याच व्यालेल्या कपिलेला लावलं की व्हॅक्यूमचा काटा धाडकन खाली येतो. पंधरा दिवसांत मी पाइप बदलला, रबरं बदलली, पंपाचं तेलसुद्धा बदललं. काटा काही ऐकेना.

"राव, तुमाला जमतंय, का दुसरा कुणी बघू?" भाऊंनी विचारलं.

मग आज ऐन धारेच्या वेळी गेलो आणि मीटरसमोर ठाण मांडलं. कपिलेच्या चारही सडांना कप लागले, काटा जागेवर स्थिर. भाऊ कॅन आणायला बाहेर गेले, तशा त्यांच्या आई रतनबाई वाकल्या. एक कप हळूच काढून त्यांनी तिथं वासराला लावलं. लोंबत्या कपातून फस्स आवाज आला आणि काटा पडला.

"अहो आजी, त्यातनं हवा शिरती!" मी ओरडलोच.

आजी वासराच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.



"एक सड वासराचं असतंय. चार तोंडाचं मशीन केलंत, तवा त्याला इचारलं व्हतं का कुणी?"