जास्तीचा तास

"पहाटेची सहरी खाऊन झोपलात तुम्ही, बा जिलाली! कबूल करा ना एकदाचं!" घिजलान ओरडली.

"झोपलो नाही, पोरी. गाडीतल्या पडद्यावर नऊ आले. नऊला पोचलो."

"आठ होते! वेळांची यादी आजपासून माझा प्रोग्राम पाठवतो. तो नाही झोपत!"

डायलिसिस केंद्राचं ऑफिस. चौथा रोजा. ना पाणी, ना सिगारेट, सगळ्यांचीच डोकी फिरलेली. बाहेर बाकड्यावर लल्ला यम्ना बसलेली, पाय मडक्याएवढे सुजलेले. म्हातारीला घरून आठला आणायचं होतं. जिलालीची गाडी गेली नऊला. तोवर तिचं मशीन दुसऱ्याला लावून टाकलं.

"किल्ली ठेव आणि चालता हो," साहेब सी बुअज्जा म्हणाला.

जिलालीनं किल्ली टेबलावर आपटली. "पडदा बघितलात का?"

"फेरी संपली की तो पुसला जातो. म्हणून तर एवढी जीभ चालतेय तुझी!"

"थांबा, दाखवतेच यांना." घिजलाननं संगणकाच्या काळ्या खिडकीत हुकूम ठोकला. प्रोग्राम धावला, 'यादी तयार' एवढं बोलून मिटला. सकाळीही एवढंच बोलला होता मेला.

तिनं दात खाल्ले. हुकमात एक अक्षर वाढवलं: काम संपलं तरी उठायचं नाही, इथंच बसायचं. मग एकेका व्हेरिएबलचं, प्रोग्रामच्या पोटातल्या एकेका खणाचं, नाव टाकून विचारायला लागली, बोल, तुझ्यात काय आहे?

नाव? यम्ना. जगाच्या घड्याळात? आठ. आपला फरक? एक.

तिचा हात तिथंच राहिला. एरवी आपण जगाच्या एक तास पुढं, पण रमजानात आपला अख्खा देश घड्याळ तासभर मागं घेतो. आत्ता फरक शून्य पाहिजे. महिन्यापूर्वी प्रोग्राम लिहिताना तो एक तिनंच कायमचा ठोकून ठेवला होता.

"काय म्हणतोय?" साहेबानं विचारलं.

"नऊ."

साहेबानं किल्ली पुढं सरकवली. "बरं, बरं. घे जिलाली. आज इफ्तारला गरम हरिरा सूप माझ्याकडून."

जिलालीनं किल्लीकडं बघितलंसुद्धा नाही. "त्या प्रोग्रामला बसवून घेतलंस, एकेक गोष्ट विचारलीस," तो घिजलानला म्हणाला. "मी सकाळपासून उभा आहे."

"जिलाली," बाहेरनं म्हातारीनं हाक मारली, "लागला का रे माझा नंबर?"

जिलालीनं दार सताड उघडलं आणि तो बाजूला झाला.

"जा, पोरी. तिला तू सांग."